एकांकिकेची रंगभूषा : सुरुवात केसांपासून करा

कॉलेजच्या एकांकिकेत रंगभूषा करणाऱ्यापुढे अडचण एकच असते, पण ती मोठी असते: सगळे नट एकाच वयाचे. संहितेत आजोबा असतात, संसाराने पिचलेली आई असते, हवालदार असतो, शाळकरी मुलगी असते. तालमीला समोर उभी असतात ती १८ ते २१ वर्षांची मुलं. हे अंतर मुख्यतः अभिनयानेच पार होतं. पण नट तोंड उघडण्याआधीचे पहिले चार-पाच सेकंद रंगभूषेचे असतात, आणि तेवढ्यात प्रेक्षक त्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवून टाकतो.

पहिल्यांदा हे काम अंगावर आलं की बहुतेक जण ब्राऊन पेन्सिल उचलून कपाळावर आठ्या काढायला बसतात. मागच्या रांगांतून त्या आठ्या दिसतच नाहीत आणि पुढच्या रांगेतून त्या पेन्सिलच्या रेघा म्हणून दिसतात. केसांची ठेवण मात्र अगदी शेवटच्या रांगेतूनही कळते. भांग कुठे आहे, अंबाडा मानेवर आहे की वर, कानावर केस आहेत की नाहीत, कल्ले किती लांब आहेत, एवढ्यावरून वय, काळ आणि घरची परिस्थिती कळते. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी संहिता, मग केस आणि त्यानंतर चेहरा.

संहिता हातात आली की

बोलायला सोपं जावं म्हणून एक कल्पित एकांकिका समोर ठेवू. पहिला प्रवेश १९८२ चा, गिरणगावातल्या चाळीतला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याला काही महिने उलटून गेले आहेत. वडील कताई खात्यातले कामगार. आई गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवते. मुलगा विशीतला. दुसरा प्रवेश २००४ चा: तोच मुलगा आता चाळिशी ओलांडलेला, आणि आई म्हातारी.

एका मोठ्या कागदावर प्रत्येक पात्रासाठी एक ओळ आखा. वय, काम, काळ, किती वेळ उन्हात असतो, झोप पुरते का, आजार आहे का, स्वतःच्या दिसण्याकडे लक्ष देणारा आहे का, कोणत्या प्रवेशात काय बदलतं आणि बदलायला किती वेळ मिळतो, हे सगळं लिहा. शेवटचे दोन रकाने विसरू नका. सगळी योजना शेवटी त्यांच्यावरच अडते.

या कागदातून रंगभूषा आपोआप सुचायला लागते. खानावळवाली बाई दिवसभर चुलीजवळ असते, म्हणजे केस घट्ट बांधलेले आणि कपाळावर घामाची चमक. कताई खात्यातल्या माणसाच्या केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत. आता संप सुरू आहे, म्हणजे आज त्याच्या केसांत तंतू नाहीत. संहितेत संपाआधीची आठवण असलेला प्रवेश असेल, तर तिथे तंतू दिसू देत आणि बाकी सगळीकडे नसू देत. प्रेक्षकाला ते जाणवेल, कुणी संवादातून सांगायची गरज नाही. अशी एक खूण सापडली की अर्धी रंगभूषा झाली असं मी मानतो.

संदर्भासाठी मोबाईलवर शोधण्याआधी घरातला जुना अल्बम काढा. १९८० च्या आसपासच्या लग्नातले, बारशातले फोटो पाहा. नवरा-नवरीपेक्षा मागे उभी असलेली माणसं जास्त उपयोगी पडतात, कारण ती नटून बसलेली नसतात. कुंकवाचा आकार, कानांवर आलेले केस, मिशीची टोकं तिथे दिसतील. आजच्या काळातलं पात्र असेल तर एसटी स्टँडवर तासभर बसा.

नट ठरले त्याच दिवशी सांगायच्या गोष्टी

केस वाढायला वेळ लागतो, आणि ही गोष्ट प्रयोगाच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. भूमिका ठरल्या त्याच दिवशी दिग्दर्शकाला सोबत घेऊन सगळ्यांना सांगा: कटिंग बंद, दाढी बंद, नवा रंग लावणं बंद. स्वतःची वाढवलेली मिशी कोणत्याही चिकटवलेल्या मिशीपेक्षा चांगली. हल्ली मुलांचे कानांवरचे केस अगदी बारीक कापलेले असतात आणि १९८२ मध्ये ते चालत नाहीत. वाढायला वेळ उरला नसेल तर कानांवरच्या त्या भागात काळसर ब्राऊन पॅनकेक (ओल्या स्पंजने लावायचा वडीसारखा रंग) टिपून भरा, कल्लेही त्यानेच खाली ओढा. जवळून ते रंगवलेलं दिसेल, पण पाच-सहा रांगांपलीकडून केसच वाटतील. थोड्या मोठ्या वयाच्या कामगाराला पांढरी टोपी शोभते आणि हा प्रश्न मुळातूनच मिटतो.

त्याच दिवशी प्रत्येकाला त्वचेची ॲलर्जी, दमा, कॉन्टॅक्ट लेन्स याबद्दल विचारून कागदावर लिहून ठेवा.

सामान

सुरुवातीला फार काही लागत नाही. सावळ्या ते गव्हाळ रंगांच्या तीन-चार छटांचा पॅनकेक किंवा पेन्टस्टिक, रंगहीन पावडर, शेडिंगसाठी गडद ब्राऊन, हायलाइटसाठी फिकट छटा, ब्राऊन आणि काळी पेन्सिल, विटकरी रूज, पांढरा पॅनकेक, स्पिरिट गम (दाढी-मिशी चिकटवायचा डिंक), क्रेप (दाढी-मिशीचे खोटे केस), कापूस, टिश्यू आणि खोबरेल तेल. केसांसाठी आकडे, यू-पिना, जाळी, रबर बँड, गंगावन (अंबाड्यात घालायचे खोटे केस), जुना टूथब्रश, बारीक दातांचा कंगवा आणि पाण्याचा स्प्रे.

पोस्टर कलर, होळीचे रंग किंवा शेंदूर चेहऱ्याला लावू नका. जुन्या काळी रंगपटात, म्हणजे नटांच्या रंगायच्या खोलीत, सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग अशी रंगद्रव्यं उगाळून लावत. हिंगुळात पारा असतो आणि मुरदाडशिंगात शिसं. परंपरा म्हणून तो प्रयोग कुणी सुचवला तरी ठाम नकार द्या. नवी वस्तू, विशेषतः स्पिरिट गम, प्रत्येक नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडी लावून पाहा.

स्पंज प्रत्येकाचा वेगळा, काजळ प्रत्येकाचं स्वतःचं. स्पर्धांचा मोसम पावसाळ्यात सुरू होतो आणि डोळे येण्याची साथही तेव्हाच असते. एका काजळाच्या कांडीने अख्खा संघ घरी बसू शकतो.

प्रकाशयोजनाकाराशी बोला

रंगपटातल्या ट्यूबलाइटखाली केलेला चेहरा रंगमंचावर वेगळाच दिसतो. लाल प्रकाशात लाल रूज आणि लिपस्टिक गायब होते. हिरव्या प्रकाशात तोच लाल काळपट पडतो, गालाला मार लागल्यासारखा. निळ्या प्रकाशातही लाल रंग काळसर-जांभळा होतो. तेव्हा रात्रीच्या निळ्या प्रवेशात असणाऱ्या नटीला लाल रूज लावू नका, विटकरी-ब्राऊन लावा आणि तेही कमी. थंड पांढऱ्या एलईडीखाली चेहरे फिके आणि पांढरे केस निळसर दिसतात. समोरून भरपूर प्रकाश असेल तर चेहरा सपाट होतो, म्हणून शेडिंग लागतं. प्रकाश डोक्यावरून असेल तर डोळ्यांच्या खोबणी आधीच अंधारलेल्या असतात, तिथे आणखी शेडिंग केलं तर डोळेच हरवतात.

दुसरा प्रश्न अंतराचा. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत प्रेक्षक इतका जवळ असतो की रोजच्या चेहऱ्यापेक्षा फार पुढे जाता येत नाही. भरत नाट्य मंदिरात बाल्कनीपर्यंत पोचायचं असतं. तीच एकांकिका दोन्हीकडे करणार असाल तर चेहऱ्याच्या दोन वेगळ्या योजना लिहून ठेवा. केसांची योजना बहुधा एकच चालते, हाही केसांपासून सुरुवात करण्याचा फायदा.

केस

नियम पहिला: नटाचे डोळे दिसले पाहिजेत. कपाळावर येणाऱ्या बटा वरून पडणाऱ्या प्रकाशात डोळ्यांवर सावली टाकतात. बट हवीच असेल तर ती एका बाजूला, भुवईच्या बाहेर, आकड्याने पक्की करून सोडा.

आपल्या खानावळवाल्या आईचं काम करणाऱ्या मुलीचे केस खांद्यापर्यंत आहेत असं धरू. मधोमध भांग पाडा. पाण्याने किंवा थोड्या जेलने केस चापून मागे घ्या. तेल टाळा, कारण दुसऱ्या प्रवेशात याच केसांना पांढरा रंग लावायचा आहे आणि तेलावर तो बसत नाही. मानेवर छोटा, घट्ट पोनी बांधा. त्यावर गंगावन गुंडाळून अंबाडा घाला. गंगावन नसेल तर काळ्या मोज्याची गुंडाळी पोनीभोवती बसवून स्वतःचे केस तिच्यावर पसरा आणि वरून जाळी घाला. आकडे एकमेकांवर फुलीसारखे आडवे-तिडवे खोचले की पकड बसते, एकाच दिशेने खोचलेले सुटतात. मग नटीला वाकायला, मान झटकायला, प्रवेशात असेल तर पळायला सांगा. अंबाडा हलला तर आत्ताच हलू दे.

आता २००४ ची आई. पांढऱ्या केसांसाठी टाल्कम पावडर वापरायची सवय सगळीकडे आहे आणि ती सोडायला हवी. कुणी डोक्यावरून हात फिरवला की ढग उठतो, आणि केस पिकलेले न दिसता धुळीने माखलेले दिसतात. पांढऱ्या पॅनकेकमध्ये किंचित पिवळसर छटा मिसळा म्हणजे तो थंड प्रकाशात निळा मारणार नाही. ओल्या टूथब्रशवर घ्या, जादा पाणी झटका, आणि कानशिलापासून मागे बारीक रेघांनी फिरवा. सगळं डोकं रंगवू नका. केस बहुधा आधी कानशिलावर आणि भांगाजवळ पिकतात. भुवयांवरून तोच ब्रश एकदा उलट्या दिशेने हलकेच न्या, फार मोठा फरक पडतो. पुरुषांच्या दाढीचे खुंट हनुवटीवर पांढरे केले की दहा वर्षं सहज वाढतात.

चाळिशीतल्या मुलासाठी भांगाची बाजू न बदलता कपाळ थोडं मोठं करा: पुढचे केस मागे चापा आणि केसांच्या रेषेवर त्वचेच्या रंगाचा पॅनकेक टिपा. पहिल्या प्रवेशात कपाळावर मोकळे केस असतील तर हा बदल काही सेकंदांत होतो.

जुन्या काळाची एकांकिका असेल तर खोपा, शेंडी, संजाब, घेरा या केसांच्या जुन्या ठेवणींतलं काय कुणाला लागू होतं ते आधी शोधा. जात, गाव, वय आणि वैधव्य या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध होता. आलवणातली (विधवेच्या लाल लुगड्यातली), केशवपन केलेली सोवळी बाई दाखवताना टकलाची टोपी घालायच्या भानगडीत शिकाऊ माणसाने पडू नये. तिच्या कडा दिसतात. कपाळापर्यंत ओढलेला पदर पुरतो, फक्त त्याखाली केसांचा फुगा राहणार नाही इतके केस चापून बसवा. कुंकवाचंही तसंच. पूर्वी कपाळाला मेण लावून त्यावर कोरडं कुंकू दाबत, त्यामुळे त्याला एक जाड, मॅट गोलाई यायची. चकचकीत टिकलीने ती येत नाही. मेण आणि कुंकू आजही मिळतं, वापरा.

चेहरा

नटाने तोंड धुऊन, पुसून, केस मागे बांधून बसावं. डोक्यातून घालायचे कपडे आधीच घातलेले असू देत आणि वर जुना शर्ट.

बेस, म्हणजे चेहऱ्यावरचा पहिला सपाट रंग, नटाच्या मानेच्या रंगाला जुळणारा निवडा. हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे रंगपटात बसलेल्या प्रत्येक मुलीला दोन छटा उजळ करायची जुनी सवय आहे. त्याने चेहरा मानेपासून तुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सावळ्या नटीला तिचा रंग म्हणजे उणीव आहे असं आपण शिकवतो. याची दुसरी बाजूही तितकीच चुकीची: कामगार, आदिवासी किंवा खलनायक दाखवायला चेहरा काळा करणं. उन्हात राबलेला माणूस दाखवायचा तर नाकाचा शेंडा, गालाची हाडं आणि कपाळ यांवर किंचित तांबूस-ब्राऊन छटा द्या, ओठ कोरडे ठेवा. बाकी त्याचाच रंग.

ओल्या स्पंजने बेस पातळ पसरा. कान, मान आणि पंजे विसरू नका. वीस वर्षांचे गुळगुळीत हात म्हाताऱ्या चेहऱ्याला खोटं पाडतात.

वय वाढवताना आठ्या शोधण्याआधी खड्डे शोधा. कानशिलं, गालाच्या हाडाखालची जागा, डोळ्यांखालची पिशवी, हनुवटीच्या दोन बाजू. बोटाने दाबून हाड आणि मऊ भाग ओळखा. मऊ भागात गडद ब्राऊन, हाडावर फिकट छटा. मग नटाला हसायला, कपाळ आक्रसायला सांगा. त्याच्या चेहऱ्यावर जिथे खरोखर घडी पडते तिथेच बारीक ब्राऊन रेघ, तिची एक कड बोटाने पुसून विरलेली आणि शेजारी फिकट छटा. काळी पेन्सिल इथे वापरू नका. ओठांवर बेस टिपून ते बारीक केले की वय झपाट्याने वाढतं. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर आणि शिरांच्या बाजूंनीही थोडं शेडिंग द्या.

डोळे सगळ्यांचेच थोडे उठावदार लागतात, पुरुषांचेसुद्धा, पण त्यासाठी पापण्यांच्या मुळाशी ब्राऊन पेन्सिल पुरते. मुलग्यांच्या ओठांना गुलाबी छटा नको. चष्मा असेल तर काचा काढून नुसती फ्रेम द्या, काचेवर दिवे चमकतात आणि नजर दिसत नाही.

शेवटी पावडर दाबून लावा, घासू नका. जादा झटका. मग नटाला रंगमंचावर प्रकाशात उभं करा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा. हे रंगीत तालमीत झालंच पाहिजे. आरशासमोर उभं राहून रंगभूषा कधीच कळत नाही.

दाढी-मिशी

क्रेप वेणीसारखा विणलेला मिळतो. आदल्या दिवशी सोडवून, ओला करून, ताणून वाळवा म्हणजे कुरळेपणा जातो. नटाने प्रयोगाच्या काही तास आधी दाढी करावी. ताज्या दाढीवर गम झोंबतो. तो भाग बेसविना कोरडा ठेवा. गमचा पातळ थर लावा, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा, मग क्रेपचे छोटे पुंजके दाबा आणि ओलसर कापडाने घट्ट धरा. दाढी हनुवटीच्या खालून सुरू करून वर चढवा. मिशी दोन्ही टोकांकडून मध्याकडे आणा आणि नाकाखालची मधली खाच मोकळी राहू द्या. कातरणं चिकटवल्यानंतर. ओठाच्या कडेला गम नको, नाहीतर प्रत्येक ‘प’ आणि ‘म’ला मिशी उचलते.

नटाने निदान दोन तालमी मिशी लावून केल्या पाहिजेत.

विंगेतले बदल

१९८२ वरून २००४ ला जायला अंधारातलं एखादं गाणं मिळेल, फार तर मिनिटभर. एवढ्यात चेहरा बदलता येत नाही, केस आणि कपडे बदलता येतात. म्हणून आईचा चेहरा पहिल्यापासूनच मधल्या वयाचा ठेवा, आणि बदलात फक्त कानशिलावर ब्रश, मोठ्या कुंकवाऐवजी मोकळं कपाळ किंवा बारीक टिकली, चष्मा आणि शाल. वडील गेले आहेत हे त्या कपाळावरूनच कळेल.

प्रत्येक बदलासाठी एक माणूस, एक ताट, एक झाकलेली विजेरी. ताटात वस्तू लागतील त्या क्रमाने मांडा. नट स्वतः काही करणार नाही, फक्त उभा राहील. हा बदल घड्याळ लावून तालमीत बसवा, प्रवेश बसवतात तसा.

प्रयोगाचा दिवस

समजा सात नट आहेत आणि रंगभूषेला दोघं. प्रत्येकाला २० मिनिटं धरली तर ८० मिनिटं गेली, कारण एका खुर्चीवर चार जण येतात. पहिली घंटा होण्याआधी सगळे तयार हवेत, म्हणजे तोंड धुऊन बसायची वेळ त्याच्या दोन तास आधीची. स्पर्धेत रंगपट आधीच्या संघाकडून रिकामा होईपर्यंत मिळत नाही हेही धरा. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत एका संध्याकाळी अनेक संघ असतात. केस घरून किंवा कॉलेजवरून बांधून यायचे, हा त्यावरचा सोपा उपाय.

दुसरा उपाय दशावतारातला. तिथे प्रत्येक नट आपली रंगभूषा स्वतः करतो. आपल्या नटांनाही बेस आणि पावडर स्वतः करायला तालमीतच शिकवा. तुमचे हात मग शेडिंग, केस आणि मिशीसाठी मोकळे राहतात. ज्याला जास्त घाम येतो त्याला सगळ्यात शेवटी बसवा. विंगेत टिश्यू ठेवा आणि घाम टिपायला सांगा, पुसायला नाही.

प्रत्येक नटाचा तयार झालेला चेहरा समोरून आणि बाजूने फोटोत धरून ठेवा. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला वेगळं पारितोषिक असतं, पण फोटो त्यासाठी नाहीत. अंतिम फेरी आली तर तोच माणूस पुन्हा उभा करायचा असतो.

उतरवताना

मिशी ओढू नका. कडेला खोबरेल तेल लावून मिनिटभर थांबा, मग हळूहळू सुटते. चेहऱ्यालाही तेल चोळून कापसाने पुसा आणि नंतर साबण. पांढरे केस नुसत्या पाण्याने आधी भिजवा, मग शाम्पू. गंगावन विंचरून, जाळीत गुंडाळून, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. स्पंज त्याच रात्री साबणाने धुऊन वाळत घाला, दमट राहिले तर बुरशी धरते. आणि बॅग बंद करण्याआधी पात्रांच्या त्या मोठ्या कागदावर आज काय सुटलं, काय जास्त झालं, कोणत्या प्रवेशात कोणाचा चेहरा फिका पडला हे नावानिशी लिहून टाका.